आधी आवाज, मग चित्र

क्लिप उलटी लागली आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मी फिल्म एडिटर आहे. सतरा वर्षं झाली, दिवसाचे आठ-दहा तास टाइमलाइनसमोर जातात. त्या दिवशी शाळकरी मुलांसाठीच्या एका विज्ञानपटाचं फुटेज लावत बसले होते. विषय होता पाण्यातले शिकारी. फोल्डरमध्ये एक क्लिप होती, टाकीच्या बरोबर वरून घेतलेली, आवाज नसलेली, सेकंदाला हजार फ्रेम या वेगाने चित्रित केलेली. एक तपकिरी साप पाण्यात काठीसारखा पडून आहे. बोटाएवढा एक मासा त्याच्या मानेजवळून चाललाय. मग साप झडप घालतो, आणि मासा पळतो तो सापाच्या तोंडाच्या दिशेने. लांब जात नाही, बाजूला होत नाही. गर्रकन वळतो आणि उघड्या जबड्यात शिरतो.

माझ्या डोळ्यांनी लगेच निकाल दिला: हे रिव्हर्स आहे. तोंडातून निसटून बाहेर पडणारा मासा कुणीतरी उलटा चालवलाय. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाताना फुटेजचं असं होतं कधीकधी. मी क्लिप उलटवली. मासा झकास पळाला, पण पाणी बिघडलं. पृष्ठभागावरची बारीक वलयं बाहेरून आत यायला लागली आणि सापाच्या मानेपाशी गोळा होऊन विरून गेली. वलयं अशी आत येत नाहीत. म्हणजे फुटेज आधी होतं तेच बरोबर होतं. मासा खरोखरच स्वतःहून तोंडात गेला होता.

पुढचं सगळं काम तसंच ठेवून मी ती क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली. रात्री घरी आल्यावर वाचायला लागले. त्याला आता दोन महिने झाले, आणि हा साप काही केल्या डोक्यातून जात नाही.

इंग्रजीत त्याला टेंटॅकल्ड स्नेक म्हणतात. शास्त्रीय नाव एर्पेटॉन टेंटॅक्युलाटम. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०० साली त्याचं वर्णन केलं. या प्रजातीत (इंग्रजीत जीनस) ही एकच जात आहे, जवळची भावंडं नाहीत. वरिष्ठ कुळ म्हणायचं तर होमालॉप्सिडी, म्हणजे चिखलात, खाजणात, दलदलीत राहणाऱ्या आशियाई आणि ऑस्ट्रेलियन पाणसापांचं. थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या तीन देशांतली संथ, गढूळ पाणी हे त्याचं घर. गोडं पाणी चालतं, मचूळही चालतं. आपल्याकडे तो नाही, त्यामुळे मराठीत त्याला नावही नाही. सातवीतल्या माझ्या भाचीने पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हा तर मिशाळ आहे!" मला ते नाव इतकं पटलं की तेव्हापासून आमच्या घरात तो मिशाळच. नंतर कळलं, व्हिएतनामीतल्या त्याच्या नावाचा अर्थही दाढीमिशांचा साप असाच आहे.

त्या मिशा म्हणजे नाकाडाच्या दोन बाजूंना पुढे आलेल्या, खवल्यांनी झाकलेल्या दोन मऊ शेंड्या. अख्ख्या सर्पजगतात अशी जोडी दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यांच्याकडे पुन्हा येते, कारण त्यांच्याबद्दल मी बराच काळ चुकीचं समजून होते.

साप तसा लहानच, साधारण दोन फुटांचा, क्वचित तीन फुटांच्या आसपास जाणारा. अंगावर एकतर लांब पट्टे असतात, नाहीतर ठिपके-डाग. खवल्यांना कणा असतो, त्यामुळे कातडी खरखरीत दिसते. पाण्यात पडलेल्या, शेवाळ धरलेल्या फांदीसारखा तो दिसतो आणि फांदीसारखाच वागतो. शेपटीने एखाद्या पाणवनस्पतीला विळखा घालून स्वतःला टांगून ठेवतो आणि स्थिर होतो. एका श्वासात अर्धा तास पाण्याखाली राहू शकतो. नाकपुड्या वरच्या बाजूला असतात आणि पाण्यात त्या बंद होतात. उचलून बाहेर काढला तर लाकडासारखा ताठ होतो, म्हणून थाई भाषेत त्याचं नावच ताठर साप असं आहे. जमिनीवर त्याला धड सरकता येत नाही. सगळा जन्म पाण्यात, आणि जन्मसुद्धा पाण्यातच, कारण मादी अंडी घालत नाही, पाण्याखाली जिवंत पिल्लांना जन्म देते. मागच्या दातांत सौम्य विष आहे, माणसाला त्याचा धोका नाही.

खातो फक्त मासे. आता मासे हे असं भक्ष्य आहे की ज्याला पाण्यात पकडणं सापाच्या शरीराला मुळात अवघड. हवेत झडप घालणाऱ्या सापाला अडवणारं काही नसतं. पाण्यात डोकं वेगाने पुढे नेलं की समोरचं पाणीही पुढे ढकललं जातं, आणि त्या लोटाबरोबर मासाही बाजूला जातो. कित्येक मोठे मासे तोंड उघडून पाणी आत ओढतात आणि त्याबरोबर भक्ष्य खेचून घेतात. सापाला ते जमत नाही. त्याच्याकडे लांब अंग आहे आणि अरुंद डोकं. एवढ्या भांडवलावर त्याला माशाला हरवायचंय, तेही माशाच्या घरात.

आणि मासा काय चीज आहे, ते मला एडिटर म्हणून जास्त नीट कळलं असं वाटतं, कारण मी वेळ फ्रेममध्ये मोजते. आपला नेहमीचा व्हिडिओ सेकंदाला पंचवीस फ्रेमचा. म्हणजे एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची. मिशाळची अख्खी झडप वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या आसपास संपते. म्हणजे साध्या कॅमेऱ्याने शूट केलं तर एका फ्रेममध्ये साप जागेवर असेल आणि पुढच्या फ्रेममध्ये मासा तोंडात. मधलं काहीच नाही. एखादा माणूस म्हणेल, एवढा वेग आहे तर मग प्रश्न कसला? प्रश्न हा की मासा त्याहून वेगवान आहे. धोक्याची चाहूल लागल्यापासून सहा-सात मिलिसेकंदांत त्याचं अंग वळायला सुरुवात होते. सापाने झडप सुरू करावी आणि ती अर्ध्यावर यायच्या आत माशाने जागा सोडलेली असावी, असा हा हिशेब.

हे कसं होतं ते इतकं सुंदर आहे की मी ते पुन्हा पुन्हा लोकांना सांगत सुटलेय. माशाच्या मेंदूत मागच्या भागात दोन प्रचंड मोठ्या चेतापेशी असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांना माउथनर पेशी म्हणतात. लुडविग माउथनर या व्हिएन्नातल्या अभ्यासकाने १८५९ साली त्या दाखवल्या. कानाकडून धक्क्याची खबर थेट त्यांच्यापर्यंत येते. डावीकडून धक्का आला की डावी पेशी पेटते. तिचा जाडजूड तंतू मेंदूतच बाजू बदलून उजवीकडे जातो आणि उजव्या कडेचे सगळे स्नायू एकदम आवळतो. मासा इंग्रजी सी अक्षरासारखा वाकतो, डोकं धक्क्यापासून दूर, उजवीकडे फिरतं, आणि मग शेपटीच्या एका फटक्यात तो त्या दिशेने निघून जातो. एक पेशी पेटली की त्याच क्षणी दुसरीला गप्प केलं जातं, दोन्ही बाजू एकदम आवळल्या जाऊ नयेत म्हणून. यात विचार नाही, निवड नाही. एकदा वळण सुरू झालं की मधेच ते रद्द करायची सोय नाही.

हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं. घरी टाकीत पाच झेब्रा डॅनिओ आहेत, भाचीचे लाडके. फोनमध्ये सेकंदाला दोनशे चाळीस फ्रेमची सोय आहे, म्हणजे एका फ्रेमला चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. एका रविवारी आम्ही फोन टाकीच्या वर आडवा बांधला, दिवा जवळ घेतला, आणि भाचीने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने काचेवर एक टिचकी मारली.

पहिला प्रयोग फसला. मासे हलले, पण प्रत्येक जण भलत्याच दिशेला. थोडा विचार केल्यावर कारण लक्षात आलं: काचेवर मारलं की सगळी काचच थरथरते, मग माशाला आवाज एका बाजूचा वाटणार कसा? दुसऱ्या वेळी भाचीने एक लहान गोटी टाकीच्या कोपऱ्यात, कडेच्या अगदी जवळ, पाण्यात सोडली. या वेळी जमलं. स्क्रीनवर फ्रेम सरकवत गेलो. गोटी पाण्याला टेकते ती फ्रेम. पुढची फ्रेम, मासा सरळ. त्याच्या पुढची, अजून सरळच वाटतो. तिच्या पुढच्या फ्रेममध्ये सगळ्यात जवळच्या डॅनिओच्या अंगावरचे निळे पट्टे एका बाजूला दबलेले, धनुष्यासारखे. आणखी दोन फ्रेम, आणि तो पूर्ण सी झालाय, डोकं गोटीच्या विरुद्ध दिशेला. त्यानंतरच्या फ्रेममध्ये तो चित्राच्या बाहेर होता. भाची एवढंच म्हणाली, "एवढ्यात?" मग आम्ही थांबलो. माशांना उगाच घाबरवत बसण्यात अर्थ नव्हता, दोन-तीन वेळा पुरे होतं. मोजदाद करण्यासारखा तो प्रयोगही नव्हता. पण सहा-सात मिलिसेकंद म्हणजे काय, हे त्या दबलेल्या पट्ट्यांनी मला जितकं कळवलं तितकं कुठल्या वाक्याने कळवलं नसतं.

आता मिशाळकडे. शिकारीसाठी तो एक ठरावीक बैठक घेतो. अंग सरळ, आणि मान वळवून डोकं परत मागे, अंगाच्या बाजूला आणलेलं. वरून पाहिलं तर इंग्रजी जे अक्षर. त्या जेच्या खोबणीत, म्हणजे एका बाजूला डोकं आणि दुसऱ्या बाजूला मान-अंग यांच्या मधल्या पाण्यात, मासा येईपर्यंत तो तासन्‌तास वाट पाहतो. मासा पुढून गेला, वरून गेला, शेपटीजवळून गेला, तरी हलत नाही. खोबणीत यायला हवा.

खोबणीत आला की साप झडप घालतो असं मी समजत होते. तसं नाही. डोकं हलायच्या आधी मानेच्या खालचं अंग हलतं, अगदी किंचित. एक लहर जाते. अंग माशाच्या एका बाजूला आहे, डोकं दुसऱ्या बाजूला. अंगाच्या त्या हलण्याने पाण्यात धक्का जातो. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर, मासा दोन-तीन सेंटिमीटरवर, म्हणजे धक्का पोचायला मिलिसेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. त्या बाजूची माउथनर पेशी पेटते. मासा धक्क्यापासून दूर वळतो. आणि धक्क्यापासून दूर म्हणजे डोक्याकडे. डोकं तोपर्यंत निघालेलंच असतं.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ केनेथ कटानिया यांनी हे २००९ साली उलगडून दाखवलं. हा माणूस आधीपासूनच विचित्र नाकांचा अभ्यासक. नाकावर बावीस बोटांचा तारा असलेल्या तारानाक्या चिचुंद्रीवरचं काम त्यांचंच. मिशाळच्या शेंड्या हाही त्यांच्या आवडीचाच विषय. पण हाय-स्पीड कॅमेऱ्यात त्यांना हे दिसलं. चार सापांच्या एकशे वीस झडपा त्यांनी तपासल्या. मासा खोबणीत, डोक्याला समांतर असला तर ७८ टक्के वेळा तो सापाच्या डोक्याच्या दिशेने वळला. कधी थेट तोंडात, कधी तोंडाच्या वाटेवर.

हे वाचून मी खुर्चीत मागे टेकून बसले होते, ते मला लख्ख आठवतं. कारण आमच्या धंद्यात याला शब्द आहे. पुढच्या दृश्याचा आवाज आधी ऐकवायचा आणि चित्र नंतर आणायचं, म्हणजे प्रेक्षकाचं मन आपोआप त्या दिशेला वळलेलं असतं आणि चित्र येतं तेव्हा तो तिथे पोचलेला असतो. टाइमलाइनवर आवाजाची पट्टी चित्राच्या खालून डावीकडे पुढे आलेली दिसते, जे अक्षरासारखी, म्हणून तो जे-कट. आम्ही तो रोज करतो. मिशाळ जे आकारात बसून नेमकं तेच करतो, आधी आवाज, मग चित्र. मासा आवाज ऐकून वळतो, आणि जिथे वळतो तिथे जबडा असतो.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तरी पुरे होतं. पण पुढचा भाग मला त्याहून जास्त थक्क करतो.

मासा दर वेळी समांतर थोडाच असणार? कधी तो खोबणीत काटकोनात येतो, तोंड सापाच्या मानेकडे किंवा तिच्या विरुद्ध बाजूला. तेव्हा धक्क्याने तो डावीकडे वळेल किंवा उजवीकडे, पण सरळ तोंडात येणार नाही. अशा वेळी साप माशावर नेम धरतच नाही. मासा वळल्यावर त्याचं डोकं जिथे येईल, त्या रिकाम्या पाण्यावर तो नेम धरतो. झडप सुरू होताना तिथे काही नसतं. झडप पोचते तेव्हा माशाचं डोकं तिथे असतं. साप माशाकडे पाहून वाटेत दिशा बदलत असेल अशी शंका मलाही आली होती, पण तेवढा वेळच नाही. डोळ्यांकडून खबर जाऊन स्नायूंपर्यंत हुकूम यायला जितका वेळ लागतो तेवढ्यात सगळं संपलेलं असतं. आणि पुरावा म्हणजे चुका. कधीमधी मासा अपेक्षेप्रमाणे वळत नाही, जागीच राहतो. तेव्हा साप जागच्या माशाला सोडून, मासा वळला असता तर जिथे असता तिथे तोंड घालतो आणि रिकामा परततो. फुटेज कापताना आपण चुकलेले टेक फेकून देतो. इथे चुकलेल्या टेकमध्येच सगळं उत्तर होतं.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "शिकला असेल ना मावशी, मासे पकडून पकडून." मलाही तसंच वाटलं होतं. कटानियांनाही हा प्रश्न पडला होता. २०१० साली त्यांनी प्रयोगशाळेत जन्मलेली, शिकारीचा काडीचाही अनुभव नसलेली पिल्लं घेतली. पिल्लाच्या पाण्याखाली एक पातळ पारदर्शक पडदा, आणि पडद्याखाली वेगळ्या उथळ पाण्यात मासा. पिल्लाला मासा दिसणार, पण पिल्लाच्या हालचालीने मासा दचकून वळणार नाही. पकडताही येणार नाही. म्हणजे शिकायला काही वावच नाही. पिल्लांनी बैठक घेतली, झडप घातली, आणि नेम धरला तो माशावर नाही. मासा दचकला असता तर जिथे गेला असता, त्या जागेवर.

आयुष्यात कधी मासा न पकडलेल्या जिवाला माशाचं वळण पाठ होतं. माशाच्या मेंदूतल्या दोन पेशींची खबर सापाच्या मेंदूत जन्माआधीच लिहिलेली आहे. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की घरचे आता मी तोंड उघडलं की ओळखतात. पण मला ते दर वेळी पहिल्यांदा कळल्यासारखंच वाटतं.

आता त्या मिशा. मी समजत होते, आणि बऱ्याच जुन्या लिखाणातही हा अंदाज सापडतो, की त्या गळासारख्या आहेत, शेंड्या हलवून साप माशांना बोलावतो. दुसरा अंदाज होता की पाणवनस्पतींत लपायला त्यांची मदत होते. क्लिप पुन्हा पाहिली तेव्हाच माझा पहिला समज डळमळला, कारण साप वाट पाहत असताना शेंड्या मुळीच हलत नाहीत. कटानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेंड्यांच्या आत पाहिलं, तर त्या चेतातंतूंनी भरलेल्या निघाल्या. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी जी मोठी नस आपल्यालाही असते, तिच्याच शाखा तिथे पसरल्या आहेत. पाण्याच्या अत्यंत सूक्ष्म हालचालीलाही त्या प्रतिसाद देतात. आणि ही खबर मेंदूच्या त्याच भागात जाते जिथे डोळ्यांचा नकाशा असतो, दोन्ही नकाशे एकमेकांवर जुळवून ठेवल्यासारखे.

उजेडात मात्र साप मुख्यतः डोळ्यांवरच चालतो. टाकीच्या खालून पडद्यावर नुसतं माशाचं हलतं चित्र दाखवलं तरी त्याने झडप घातली. पण फक्त अवरक्त उजेड ठेवून, म्हणजे सापाच्या दृष्टीने काळोखात, पाहिलं तर तिथेही तो मासा पकडू शकतो. मेकाँग नदीच्या खोऱ्यातल्या गढूळ पाण्यात रात्री काय दिसणार? तिथे पाण्याचा हेलकावा नाकाडावर वाचता येणं म्हणजे काय मोलाचं असेल, याची कल्पना करता येते. मला वाटतं, एकाच प्रसंगाचं चित्र आणि आवाज असे दोन ट्रॅक जुळवून ठेवणं हे त्याच्या मेंदूतही चाललेलं आहे. पण ही माझी उपमा आहे, शास्त्रज्ञांची नाही.

ऐकणारा प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो: मग मासे सुधारत का नाहीत? लाखो वर्षांत एखादा मासा तरी उलट वळणारा निघाला असेलच की. निघाला असेलही. पण त्याचं पुढे काय झालं असेल ते पाहा. त्याच्या आयुष्यात मिशाळ किती वेळा येणार? आणि बगळे, मोठे मासे, झपाट्याने येणारे बाकी सगळे शिकारी किती वेळा? त्या बाकीच्यांपासून वाचायचा बिनचूक उपाय धक्क्यापासून दूर पळणं हाच आहे. जो उलटा वळेल तो मिशाळपासून वाचेल आणि दुपारपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात जाईल. उत्क्रांतीचे अभ्यासक याला विरळ शत्रूचा फायदा म्हणतात. मिशाळ विरळ आहे, म्हणून त्याची युक्ती टिकून आहे. तो माशाच्या कमजोरीवर जगत नाही, माशाच्या सगळ्यात पक्क्या शहाणपणावर जगतो.

हा साप जिथे राहतो त्या जागेबद्दल वाचताना मात्र मन खट्टू झालं. कंबोडियातलं तोन्ले साप हे सरोवर दर वर्षी श्वास घेतल्यासारखं फुगतं. पावसाळ्यात मेकाँगला इतकं पाणी येतं की सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहायला लागते, आणि अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचं सरोवर पसरून पंधरा हजारांपर्यंत जातं. झाडं बुडतात, मासे जंगलात शिरतात, आणि त्यांच्यामागे पाणसाप. १९९७ पासून युनेस्कोच्या यादीतलं ते जीवावरण राखीव क्षेत्र आहे. आणि तिथेच पाणसापांची प्रचंड पकड होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज वर्षाला सुमारे ६९ लाख सापांचा होता, सगळ्या जातींचे मिळून, मिशाळही त्यात. बरेचसे मगरींच्या शेतीत खाद्य म्हणून जातात. पकडणारे लोक गरीब आहेत, मासे कमी झाले म्हणून सापांकडे वळलेले आहेत, त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. मिशाळ आज धोक्यातल्या जातींच्या यादीत नाही, हे खरं आहे. पण टोपलीत ढिगाने पडलेल्या पाणसापांचे फोटो मी पाहिले, आणि त्या प्रत्येकाच्या डोक्यात काय काय लिहिलेलं होतं हे मनात आल्यावाचून राहिलं नाही.

शेवटी त्या क्लिपचं काय झालं ते सांगते.

पहिल्या दिवशी, उलटी-सुलटीचा घोळ मिटल्यावर, मी ती सवयीने कापली होती. साप निश्चल आहे तो भाग लांब आहे, मुलं कंटाळतील, म्हणून इन-पॉइंट, म्हणजे क्लिप जिथून सुरू होते ती जागा, अगदी झडपेला लावला, डोकं हलायला लागतं तिथे. कट तसा घट्ट होता, दिग्दर्शकानेही पसंत केला. सगळं वाचून झाल्यावर मी तो प्रोजेक्ट पुन्हा उघडला. कापलेला भाग परत आणला आणि मागे मागे गेले. डोकं स्थिर. आणखी एक फ्रेम मागे, स्थिर. आणखी मागे गेल्यावर मानेच्या खाली, अंगाच्या कडेला, पाण्यावरचा उजेड जरासा वाकडा झालेला दिसला. एवढीच ती हूल. माझ्या कटमध्ये ती नव्हती, काही घडत नाही म्हणून मी ती फेकली होती.

दिग्दर्शकाला फोन केला, कारण सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं. भाचीला शेजारी बसवून मी इन-पॉइंट मागे नेला आणि त्या जागी क्लिप आणखी संथ केली. तिने स्क्रीनला नाक लावून पाहिलं आणि बोट ठेवलं, डोक्यावर नाही, मानेच्या खाली. "इथे हलला," ती म्हणाली.